दर उन्हाळ्यात टाकीतली झाडं का विरघळतात? नाशिकच्या पाण्यातलं एक दुखणं

पाडवा झाला की आमच्या माशांच्या टाकीतली झाडं आजारी पडायची. सलग तीन वर्षं हेच. थंडीभर हिरवीगार असलेल्या क्रिप्टोची (क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीची) पानं एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काचेसारखी पारदर्शक व्हायची, देठापासून सुटायची आणि फिल्टरच्या जाळीला बुळबुळीत चिकटून बसायची. ॲमेझॉन सोर्डच्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायची. जावा फर्न काळवंडायचं. त्याच पाण्यात मागच्या काचेला लागून लावलेली व्हॅलिसनेरिया मात्र जोमात असायची, उलट उन्हाळ्यात तिला जास्तच चेव यायचा. फक्त दुसऱ्या वर्षी ती आठवड्याभरात साफ गेली. त्याबद्दल पुढे सांगतो. मासे मात्र तिन्ही वर्षं ठणठणीत.

माझा उपाय ठरलेला होता. दुकानात जायचं, लक्षणं सांगायची, मिळेल ती बाटली आणायची आणि जोडीला दोन नवी झाडं. जूनमध्ये पाऊस लागला की झाडं सुधारायची आणि मला वाटायचं, बाटली लागू पडली.

चौथ्या वर्षी बाटली न आणता दुखणं शोधलं. तुमच्याकडेही ठरावीक काळाने असंच होत असेल, तर मी ज्या क्रमाने शोधत गेलो त्याच क्रमाने सांगतो. मधल्या चुकांसकट, कारण अर्धं उत्तर त्या चुकांमध्येच होतं.

आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने साडेछप्पन्न लिटर होतात, पण खडे, दगड आणि वरची बोटभर मोकळी जागा वजा केली की पाणी पन्नास लिटरच्या आसपास. औषध किंवा खताचं माप या खऱ्या पाण्यावर धरायचं, टाकीच्या आकारावर नाही. मासे म्हणाल तर दहा-बारा गप्पी आणि चार झेब्रा. गोल्डफिश असते तर हे लिहिलंच नसतं, कारण गोल्डफिशच्या टाकीत मऊ पानांची झाडं म्हणजे त्यांची कोथिंबीर.

आधी झाडाकडे बघा, मग पाण्याकडे

काही झाडं मरतात कारण ती पाण्यातली नसतातच. लकी बांबू, सिंगोनियम, स्पायडर प्लांट ही जमिनीवरची झाडं दुकानात बिनदिक्कत पाण्याखाली ठेवलेली दिसतात. महिनाभर छान टिकतात, मग खालून कुजायला लागतात. लकी बांबू हा ड्रॅसिना आहे. मुळं पाण्यात आणि पानं हवेत ठेवलीत तर वर्षानुवर्षं जगेल. पान पाण्याबाहेर धरल्यावर मेणचट, कडक, ताठ राहिलं तर शंका घ्यावी. अनुबियास याला अपवाद, त्याचं पान मुळातच चामड्यासारखं असतं.

दुसरी गोष्ट, झाड कधी आणलं? सोर्ड, क्रिप्टो, ब्राह्मी ही झाडं रोपवाटिकेत बरेचदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. हवेत वाढलेलं पान जाड असतं, ते पाण्याखाली टिकत नाही. टाकीत लावल्यावर दोन ते चार आठवड्यांत ती जुनी पानं पिवळी पडून जातात आणि मधून पातळ, पाण्यातली पानं येतात. हा आजार नाही. मधला कोंब टणक आणि हिरवा असेल तर झाडाला हात लावू नका.

क्रिप्टोचा तर हा स्वभावच. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्येही क्रिप्टोकोरिनच्या जाती रानात उगवतात. पावसाळ्यात त्या पाण्याखाली असतात, ओढा आटला की उघड्यावर. परिस्थिती बदलली की जुनी पानं टाकून द्यायची आणि नवीन परिस्थितीला साजेशी आणायची, अशी तिची रीत. हे मला आधी कळलं असतं तर पहिल्या दोन वर्षांत विरघळलेल्या क्रिप्टो मी मुळासकट उपटून फेकल्या नसत्या. खडीखालची मुळं जिवंत होती.

तिसरी गोष्ट लावण्याची. जावा फर्न आणि अनुबियास यांचं आडवं खोड खडीत पुरलं की ते कुजतं आणि झाड काळं पडत जातं. माझं जावा फर्न तिन्ही वर्षं काळं पडायचं त्याला उन्हाळा जबाबदार नव्हताच, मी ते पुरत होतो. ते दगडाला दोऱ्याने बांधायचं, बस्स. सोर्डची मुळं खडीत जावीत पण पानं जिथून फुटतात तो गड्डा वर दिसला पाहिजे. जुडीला गुंडाळलेली शिशाची पट्टी काढून टाका, तिच्याखाली देठ चेपून कुजतो. छोट्या जाळीच्या कुंडीत कापसासारखं जे भरलेलं असतं, तेही मुळांपासून जमेल तेवढं काढा.

आणि एक सवय. आमच्या लहानपणी दर रविवारी टाकी रिकामी करून, खडे बादलीत घासून, मासे पातेल्यात ठेवून सगळं चकाचक करायची पद्धत होती. झाडं असलेल्या टाकीत हे केलंत तर मूळ कधी धरणारच नाही. शिवाय खडीत आणि स्पंजमध्ये वसलेले उपयोगी जिवाणूही वाहून जातात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही.

दाजींनी पान वाचलं

आमच्या दाजींची पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबाग आहे. खरड छाटणी (द्राक्षं काढून झाल्यावर वेल खरडून छाटतात ती) उरकून ते बहिणीला घेऊन आले होते. चहा पिता पिता टाकीकडे बघत बसले आणि म्हणाले, "भोकं जुन्या पानाला आहेत का नव्या?"

मी तीन वर्षांत हे बघितलंच नव्हतं.

"अरे, आधी पान बघ ना. आम्ही देठ परीक्षण उगाच करतो का? औषधवाला सांगेल ते मारत बसलो तर बाग विकावी लागेल."

त्यांनी जे सांगितलं ते द्राक्षाला जसं लागू तसंच टाकीतल्या झाडालाही, कारण झाड शेवटी झाडच. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरणारी द्रव्यं. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून खूण आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून त्यांची उणीव नव्या पानांवर दिसते.

त्यावरून वाचायचं असं. जुनं पान सगळंच पिवळं पडत गेलं तर नत्र कमी. जुन्या पानाला बारीक भोकं, भोकाभोवती पिवळी किंवा तपकिरी कड, तर पालाश. दाजींच्या द्राक्षाला पालाश कमी पडला की पानाची कड जळते, पाण्यातल्या झाडाला भोकं पडतात, एवढाच फरक. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट, तर मॅग्नेशियम. हेच चित्र नव्या पानावर दिसलं तर लोह. नवं पान वेडंवाकडं, मुडपलेलं, कोंबच नीट उघडत नाही असं असेल तर कॅल्शियम. नाशिकच्या बोअरच्या पाण्यात त्याची चणचण सहसा नसते, पण निव्वळ आरओचं पाणी भरणाऱ्यांना भेटते. स्फुरदाची उणीव मला कधी दिसली नाही. मासे आणि त्यांचं खाणं त्यात पुरेसं टाकत असावेत.

माझ्या सोर्डची भोकं जुन्या पानांवर होती. पालाश. आणि मी तीन वर्षं ओतत होतो त्यातल्या बहुतेक बाटल्या लोहाच्या.

नाशिकमध्ये राहण्याचा एक फायदा असा की खतांची दुकानं पावलोपावली आहेत आणि द्राक्षवाल्यांमुळे तिथे विद्राव्य खतं सुटीही मिळतात. दाजींनी पुढच्या खेपेला बागेतलंच 0-0-50 (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे) वाटीभर आणून दिलं. ते पोटॅशियम सल्फेट. पन्नास लिटर पाण्यात पालाश लिटरला 10 मिलिग्रॅमने वाढवायला ते साधारण 1.2 ग्रॅम लागतं. एवढं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होत नाही. म्हणून एक लिटर पाण्यात 24 ग्रॅम विरघळवून ठेवलं आणि त्यातलं 50 मिली आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर टाकलं. नत्रही कमी असेल तर 13-0-45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पन्नास लिटरला एक ग्रॅमच्या आत. मॅग्नेशियम सल्फेट अडीच ग्रॅम टाकलं की मॅग्नेशियम लिटरला 5 मिलिग्रॅमने वाढतं. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहून झाडाला घेता येईल असं बांधलेलं लोह), ज्यात 12 टक्के लोह असतं ते, 4 ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं 5 मिली म्हणजे लिटरला जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. लोहाच्या बाबतीत एवढंच पुरतं.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात ठेवा. 19-19-19 टाकू नका. ते सगळ्यांच्या घरी, गच्चीवरच्या कुंड्यांसाठी असतं आणि हात तिकडेच जातो. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. टाकीत अमोनिया म्हणजे माशांना विष. 12-61-0 सुद्धा अमोनियम फॉस्फेटच, तेही नको. गांडूळखताची पुडी खडीत पुरायचा प्रयोग मी केला आहे. चार दिवस टाकीला गटारीचा वास होता.

पालाश सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी आलेल्या सोर्डच्या पानांना भोकं नव्हती. जुनी पानं तशीच राहिली. हे नीट समजून घ्या, नाहीतर धीर सुटतो: भोक पडलेलं पान बुजत नाही, पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे फक्त नव्या पानावर बघायचं. मी उपाय सुरू करायच्या दिवशी शेंड्याच्या पानाच्या देठाला लाल दोरा सैल बांधून ठेवतो. दोऱ्याच्या आतली पानं तेवढी मोजायची.

पण क्रिप्टो? त्या विरघळतच राहिल्या.

लाईट आणि बुडबुडे

मग मी लाईटकडे वळलो, आणि तिथे चूक होती पण ती वेगळी. संध्याकाळी कामावरून आल्यावर टाकी बघायला मिळावी म्हणून लाईट रात्री अकरापर्यंत चालू असायचा, सकाळी आई देवपूजेच्या वेळी लावायची. बारा-तेरा तास होत होते. अशक्त झाडाला तेरा तास लाईट म्हणजे तापलेल्या माणसाला पळायला लावणं. खायला नाही आणि कामाची सक्ती. तो लाईट झाड वापरत नाही, शेवाळ वापरतं. आता टायमर लावला आहे, दुपारी चार ते रात्री दहा. सहा तास. झाडं सुधारली की आठपर्यंत नेता येतो, त्यापुढे मला तरी कधी गरज पडली नाही. निळा-लाल रंग बदलणारा लाईट शोभेपुरता ठीक, झाडांना साधा पांढरा द्या. खिडकीतून टाकीवर थेट ऊन पडत असेल तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून कागद चिकटवा.

बुडबुड्यांबद्दल बरंच गैरसमजाने बोललं जातं. झाडाला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि साध्या टाकीच्या पाण्यात तो फारच थोडा असतो. त्यातून पाण्यात वायू पसरतो हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पटीने हळू, त्यामुळे पानापर्यंत पोहोचायलाच उशीर. म्हणून पाणी हळूहळू हलतं असावं, मेलेल्या तळ्यासारखं नको. पण ज्यांनी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर किंवा साखर-यीस्टची बाटली जोडली आहे, त्यांनी त्याच वेळी एअर पंपाची कारंजी सोडली तर एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं असं होतं. पंप रात्री चालवा.

आता दुसऱ्या वर्षीची व्हॅलिसनेरिया. त्या वर्षीची बाटली होती लिक्विड कार्बनची. नावावरून वाटतं की झाडाला कार्बन मिळेल. अशा बहुतेक बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड असतं. दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. शेवाळ मारायला ते कामाचं आहे, पण व्हॅलिसनेरिया आणि मॉस त्याला फार हळवे. माझी व्हॅल सहा दिवसांत दोऱ्यासारखी झाली. बाटलीवर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, दुकानदारानेही सांगितलं नाही. माशांसाठी तांबं असलेलं औषध किंवा मूठभर खडेमीठ टाकायची सवय असेल तर तीही झाडांच्या जिवावर येते. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून त्याला औषध द्यावं.

डाळ शिजेना

खरा धागा स्वयंपाकघरात सापडला. एप्रिलमध्ये एका सकाळी आई कुरकुरत होती की कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ शिजत नाही, पाणी बदललंय. ती हे दरवर्षी म्हणते. मी दरवर्षी ऐकतो आणि टाकीत नवी बाटली ओततो.

शहराला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं. ते मऊ. आमच्या सोसायटीत मात्र उन्हाळ्यात धरणाचं पाणी पुरत नाही, म्हणून वरच्या टाकीत बोअरचं मिसळतात. बोअरचं पाणी आपल्या काळ्या बसाल्ट खडकाच्या भेगांतून झिरपत आलेलं असतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, ही सगळी त्याचीच लक्षणं. आरओच्या सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाकडून टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायची, पेन्सिल मागून मोजलं. स्वयंपाकघरातल्या थेट पालिकेच्या नळाचं पाणी दीडशेच्या आसपास. बाथरूमच्या नळाचं, म्हणजे वरच्या टाकीचं, सहाशेच्या वर. माशांच्या टाकीचं पाणी मी बाथरूमच्या नळाला पाइप लावून बदलत होतो.

आणि बदलत कसं होतो? दर रविवारी निम्मं. म्हणजे क्रिप्टोच्या दृष्टीने एका दुपारी सगळं जगच बदलायचं. तिने पानं टाकली, त्यात तिची काय चूक.

व्हॅलिसनेरियाचं कोडंही इथेच सुटलं. काही पाणवनस्पती, व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला त्यातल्याच, कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेऊ शकतात. बोअरच्या कडक पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. म्हणून तिला उन्हाळ्यात चेव. कबोंबा आणि मॉस यांना ती सोय नाही, तीही कडक पाण्यात खुरडतात. ज्यांच्याकडे बारा महिने बोअरचंच पाणी आहे, देवळालीकडच्या एखाद्या बंगल्यात वगैरे, त्यांनी पाण्याशी भांडत बसू नये. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट लावावं आणि मजेत राहावं.

कडक, अल्कधर्मी पाण्याचा आणखी एक त्रास म्हणजे नेहमीचं ईडीटीए चिलेटेड लोह त्यात लवकर फुटतं आणि झाडाच्या हाती लागत नाही. द्राक्षवाले चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए लोह वापरतात, ते अशा पाण्यातही टिकतं. मात्र टाकी कोकमाच्या सरबतासारखी लालसर होते. मला ते बघवलं नाही.

या दुखण्यात भर घालणारी आणखी दोन कारणं निघाली. पहिलं आमच्याच घरात: आई पाणी वाया जाऊ देत नाही, आरओमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवते. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की ती त्या बादलीतून भर घालायची. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागे राहतात. वर भर घातली ती आरओने बाजूला काढलेल्या क्षारांची. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी उत्तम. टाकीत नको. वाफेने कमी झालेलं पाणी भरायचं तर धरणाचं किंवा आरओचं प्यायचं. दुसरं कारण शेजारच्या बिल्डिंगमध्ये दिसलं: तिथे मोठा वॉटर सॉफ्टनर आहे. त्यातून आलेलं पाणी साबणाला मऊ लागतं, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. झाडांना ते काही मऊ पाणी नव्हे. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या.

टाकीतले दगडही तपासा. पांढरे संगमरवरी खडे, शंख-शिंपले हळूहळू विरघळून पाणी कडक करत राहतात. संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब सुक्या खड्यावर, टाकीबाहेर, टाकून बघा. फसफसलं तर तो खडा कुंडीत.

उष्णता

मेमध्ये दुपारी आमच्या टाकीचं पाणी 32 अंशांपर्यंत जायचं. बहुतेक झाडं 22 ते 28 मध्ये सुखी असतात. एक छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. माठ ज्यामुळे गार होतो त्याच कारणाने. झाकण काढावं लागतं, मग गप्पी उड्या मारतात, म्हणून वर मच्छरदाणीची जाळी. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, दिवसातून दोनदा वर-खाली होणारं तापमान क्रिप्टोला पुन्हा पानं टाकायला लावतं. थंडीत उलट. निफाडकडून गारठा आला की पाणी थंड होतं, वाढ थांबते. तेव्हा खत निम्मं करायचं आणि झाडाला झोपू द्यायचं.

विरघळलेलं झाड परत आणताना

सगळं एकदम करू नका. लाईट, खत, पाणी, नवी माती एकाच रविवारी बदललं तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही, आणि क्रिप्टो तर नक्की जाईल. मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि दोन आठवडे थांबतो.

पहिल्या दिवशी पारदर्शक झालेली, बुळबुळीत पानं कात्रीने मुळाशी कापून बाहेर. ती टाकीत कुजली तर अमोनिया वाढतो आणि शेवाळाला मेजवानी. दाजी याला टाकीची खरड छाटणी म्हणतात. निम्मं चांगलं असलेलं पान ठेवा, ते अजून झाडाला पोसतंय. मूळ उपटून बघायचा मोह टाळा. ओढून बघा फक्त: खडीने झाड धरून ठेवलं असेल तर ते जिवंत आहे.

मग लाईट सहा तास. पाणी निम्मं बदलण्याऐवजी दर तिसऱ्या दिवशी अर्धी बादली कमी आणि तितकंच नवीन, म्हणजे आठ-दहा लिटर, थेट पालिकेच्या नळाचं, आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं किंवा क्लोरीन काढायचं औषध टाकलेलं. दोन-तीन आठवड्यांत टीडीएस हळूहळू खाली येतो. घाईने खाली आणलात तर वर जाताना जे झालं तेच उतरताना होईल. खत या काळात पाव मात्रेत. पानंच नसतील तर खाणार कोण? चौथ्या आठवड्यात नवी पानं दिसू लागली की मात्रा पूर्ण. सोर्ड आणि क्रिप्टो मुळाने खाणारी झाडं आहेत, त्यांच्या मुळाशी खडीत खताची गोळी खोचलेली जास्त लागू पडते.

रिकामी झालेली जागा तोवर हायड्रिला किंवा तरंगत्या हॉर्नवर्टने भरा. ही भरभर वाढतात, पाण्यातलं जास्तीचं नत्र ओढून घेतात आणि शेवाळाला उपाशी ठेवतात. हायड्रिला गोदावरीतही मिळते, पण तिथून आणू नका. तिच्यासोबत जळवा, चतुराच्या अळ्या आणि शेतातल्या फवारणीचा अंश येऊ शकतो. दुकानातून आणलेलं झाडसुद्धा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ धुऊन मग टाकीत सोडावं. तरी एखादी गोगलगाय येतेच. तिला मारत बसू नका, ती बहुतेक कुजलेलंच खाते. भोकांचं खापर मी वर्षभर तिच्यावर फोडत होतो.

शेवाळाबद्दल थोडक्यात. नव्या टाकीत काचेवर तपकिरी थर येतो, तो पुसला की काही आठवड्यांत आपोआप जातो. पानांच्या कडांना काळे केस उगवले तर कार्बन डायऑक्साइड वर-खाली होतोय किंवा पानं म्हातारी झालीत. ती पानं कापा. निळसर हिरवा, घाण वास येणारा, सालीसारखा सुटणारा थर हे शेवाळ नसून जिवाणू असतात. ते नळीने ओढून काढा, लाईट तीन दिवस पूर्ण बंद ठेवा.

छाटलेली झाडं नाल्यात किंवा नासर्डीत टाकू नका. गोदावरीत दरवर्षी काढावी लागते ती जलपर्णीसुद्धा मूळची दक्षिण अमेरिकेतली, लोकांनी शोभेचं झाड म्हणूनच जगभर नेली. आमची छाटणी गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीत जाते.

या पाडव्याला क्रिप्टोची दोन पानं गेली. दोनच. सोर्डने टाकीची अर्धी जागा घेतली आहे, आता तिला दाजींकडच्या हौदात पाठवायचा विचार चाललाय. जावा फर्न दगडावर नीट बसलं आहे, पण मध्यंतरी त्याच्या पानांखाली तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या आणि मी पुन्हा कात्री घेतली. चार पानं कापून झाल्यावर पाचव्या पानाच्या टोकाला मुळं फुटलेलं, नखाएवढं जावा फर्नचं पिल्लू लटकताना दिसलं. ते ठिपके बीजाणूंचे होते. दोन वर्षं मी ते रोग समजून कापत होतो.